वाचक विचारतात : तापलेली काच आणि लाकडाचा पाट

प्रश्न : ओव्हनमधून काढलेलं बोरोसिलिकेट काचेचं भांडं ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवताच तडकलं. तसंच दुसरं भांडं सागवानी पाटावर नेहमी ठेवतो, त्याला काही होत नाही. उष्णता सोसणारी काच. लाकूड तर जळणारं. मग हे कसं?

उत्तर : काच फुटते ती तापमानात अचानक पडलेल्या फरकाने. गार झालेला तळ आकसू पाहतो, वरची गरम काच त्याला आकसू देत नाही आणि तळाचा पृष्ठभाग ताणला जातो. दाब काच पुष्कळ सोसते, ताण फारच कमी. तारेच्या घासणीचा ओरखडा असला तर तडा तिथूनच निघतो. बोरोसिलिकेट काच दर अंशाला मीटरमागे 3.3 मायक्रोमीटर वाढते, साधी काच सुमारे 9. म्हणून ती जास्त फरक सोसते, पण वाटेल तेवढा नाही.

आता ओटा. ग्रॅनाइट लाकडापेक्षा पंधरा-वीस पट वेगाने उष्णता वाहून नेतो. 200 अंशांचं भांडं 28 अंशांच्या ग्रॅनाइटला पूर्ण टेकलं, तर टेकल्या जागी तापमान क्षणात 95 अंशांच्या आसपास येतं. सागवानावर ते 160 च्या जवळ राहतं, कारण लाकडाच्या पोकळ पेशींत हवा असते. प्रत्यक्षात मध्ये हवेचे बारीक थर राहतात, त्यामुळे धक्का थोडा सौम्य होतो. ओटा ओला असेल तर मात्र पाणी ते थर भरून काढतं आणि वाफ होताना आणखी उष्णता ओढतं. ओला ओटा सर्वांत वाईट.

पाट कोरडा हवा, वर घडी घातलेलं कोरडं सुती फडकं. पॉलिश केलेला पाट नको, डाग पडतो. लाकूड साधारण 250 अंशांच्या पुढे पेट घेऊ शकतं आणि त्याआधीच काळवंडतं, तेव्हा पाट ओव्हनमध्ये ठेवू नका.

प्रश्न : काचेच्या बरणीचं लाकडी झाकण पावसाळ्यात अडकतं. काच आकसते का?

उत्तर : नाही, काच जवळपास जागेवरच असते. 10 सेंटिमीटरच्या तोंडात 30 अंशांनी फरक पडतो तो साध्या काचेतही सुमारे 0.03 मिलिमीटर. लाकूड मात्र हवेतली ओल पितं. सागवानातली ओल 10 टक्क्यांवरून 16 वर गेली, तर 10 सेंटिमीटर रुंदीचं झाकण लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेने सुमारे 1 मिलिमीटर फुगतं. रेषांच्या लांबीत जवळजवळ काहीच नाही. गोल झाकण किंचित लंबगोल होतं आणि बरणीच्या तोंडाला आतून बाहेर रेटतं. म्हणजे पुन्हा ताणच.

सुरीने उचकटू नका, कड टिचते. बरणी दोन दिवस पंख्याखाली ठेवा. झाकण निघालं की फुगलेलं असतानाच, रेषांच्या आडव्या दिशेच्या दोन्ही कडा 120 नंबरच्या सँडपेपरने घासा, दर बाजूला अर्धा मिलिमीटर. तेल लावल्याने ओल शिरायला वेळ लागतो, पण ती थांबत नाही. नवीन झाकण करून घेताना मात्र खाच ठेवून सिलिकॉनची रिंग बसवायला सांगा. उन्हाळ्यात सैल झालेलं झाकणही ती धरून ठेवते.