आल्प्समधल्या खेड्यात लोक खरंच फोटोतल्यासारखे राहतात, की तो पर्यटकांसाठीचा देखावा असतो?

फोटो खोटे नसतात. पण त्यातली हिरवळ आपोआप आलेली नसते, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं.

मी सहा वर्षं स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, खालच्या एंगाडिन खोऱ्यात, स्कुओलजवळच्या एका खेड्यात राहते. इन नदीचं हे खोरं. माहेर जुन्नरकडचं, त्यामुळे गोठा, गंजी, दावण काही नवीन नव्हतं. तरी इथलं गवताचं वेड बघून थक्क झाले.

पाच-सहा महिने गुरं गोठ्यात, बाहेर बर्फ. म्हणजे तेवढ्या दिवसांचा चारा उन्हाळ्यातच वाळवून ठेवायचा. शेजारच्या आजोबांचं कुरण इतकं उभं आहे की ट्रॅक्टर चढतच नाही. मागे चालत चालवायचं छोटं यंत्र असतं, चाकांना लोखंडी दाते. यंत्र गवत कापतं, मग आम्ही दाताळ्यांनी ते खाली ओढायचं. पहिल्या वर्षी मी गवतापेक्षा जास्त वेळा खाली आले. सरकार या उताराचे पैसे देतं: 18, 35 आणि 50 टक्के अशा चढणीच्या पायऱ्या आहेत, जितकं उभं तितकं अनुदान जास्त. फुलांच्या काही कुरणांना इतक्या उंचीवर 15 जुलैच्या आत कापायची परवानगीच नाही, बी पडायला हवं ना. कापणं सोडून दिलं तर काही वर्षांत तिथे लार्च आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची रोपं उभी राहतात.

घरंसुद्धा गवतासाठीच बांधलेली. जुन्या घराचं दार एवढं रुंद का, असं मी विचारलं होतं. तर गवताची गाडी त्या दारातून शिरून, घराच्या मधल्या प्रशस्त वाटेने थेट मागच्या कोठारात जायची! ही वाट म्हणजे 'सुलेर'. भिंती जाडजूड, खिडक्या बाहेरून रुंद आणि आत निमुळत्या, म्हणजे ऊब टिकते आणि उजेडही येतो. बाहेरून चुन्याचा गिलावा खरवडून काढलेली नक्षी असते. ग्वार्डा गावात गल्लीभर ती बघायला मिळते.

बोली रोमान्श. 1938 साली सार्वमताने ती देशाची चौथी राष्ट्रभाषा झाली. रस्त्यात कुणी भेटलं की 'आलेग्रा'. 1 मार्चला पोरं गळ्यात गुरांच्या घंटा अडकवून गावभर हिंडतात, हिवाळ्याला हाकलायला. हा चालांदामार्त्स. सगळ्यात मोठी घंटा कुणाला, यावरून वर्गात चांगलीच धुसफूस होते. मला आपला बैलपोळा आठवतो, फक्त इथे बैलांच्या जागी पोरं.

त्रास? घरं मिळत नाहीत. बरीचशी सुट्टीपुरती, नोव्हेंबरात अर्ध्या खिडक्या अंधारात. अशा घरांवर गावागणिक 20 टक्क्यांची मर्यादा 2012 च्या सार्वमताने आली, पण आधी बांधलेली आहेतच. कोथिंबीर मी कुंडीत लावते. खोऱ्यातून बाहेर दावोसकडे नेणारा फ्ल्युएला घाट हिवाळ्यात बंद असतो, पण 1999 पासून 19 किलोमीटरचा वेराइना बोगदा आहे. गाडी आगगाडीवर चढवायची आणि आत बसून राहायचं, अठरा-वीस मिनिटांत पलीकडे.

फोटोच काढायचे असतील तर ऑक्टोबरात या, लार्च पिवळे होतात तेव्हा. जुलैत आलात तर आजोबा हातात दाताळं देतील.