इंग्लंडमधल्या स्वस्त उपनगरात राहणं कसं असतं? (विगस्टन, लेस्टर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला लेस्टरमध्ये नोकरी लागली आहे, सध्या लंडनला हॅरोत भाड्याने राहता, विगस्टनला घरं स्वस्त दिसतायत, तर तिथे राहणं कसं असतं? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि तुम्हाला गाडी चालवता येत नाही. माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यातच आहे. मी विगस्टनमध्येच राहते, त्याआधी तुमच्यासारखीच लंडनच्या पश्चिमेला होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैशांचं आधी उरकते. हॅरोत ज्या भाड्यात दोन खोल्यांचा फ्लॅट मिळतो, त्याहून कमी भाड्यात इथे तीन बेडरूमचं सेमी मिळतं, म्हणजे मधली एक भिंत सामाईक असलेल्या दोन जोडघरांपैकी एक. पुढेमागे घ्यायचं ठरवलंत तर असं घर साधारण अडीच ते तीन लाख पौंडांत येतं. मागे बाग असते, ती तुम्हाला हवी असो वा नसो. भाड्याने घेताना पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट कुणी मागू शकत नाही, आणि ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं. काउन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा, बँड (कराची पायरी) घर बघतानाच विचारून घ्या. तो अजूनही १९९१ सालच्या किमतींवर ठरवलेला आहे, त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन घरांचा बँड वेगळा निघू शकतो.

आता जाहिरातीत न दिसणारी गोष्ट: थंडी आणि ओल. इथली पुष्कळ घरं १९३० च्या आसपासची, साउथ विगस्टनची तर त्याहून जुनी, लाल विटांच्या चाळवजा रांगांची. ऑर्सन राइट नावाच्या विटांच्या कारखानदाराने १८८० च्या दशकात कामगारांसाठी ती वस्ती वसवली. दिसायला झकास, पण जानेवारीत सकाळी उठावं तर खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळून चौकटीत साचलेलं असतं. ते रोज फडक्याने टिपायचं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं की मागे काळी बुरशी धरते. कपडे बाहेर वाळत नाहीत, मग ते रेडिएटरवर, जिन्याच्या कठड्यावर, दाराच्या कडेवर, आणि त्यातलं सगळं पाणी पुन्हा खिडकीच्या काचेवर. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, घ्याच, ही चैन नव्हे. घर बघायला गेलात की नवा रंग कुठे दिलाय ते बघा. एकाच कोपऱ्यात ताजा पांढरा रंग दिसला तर त्याच्याखाली काय असेल ते तुम्हाला कळलंच. घराच्या एनर्जी सर्टिफिकेटवर ए (उत्तम) ते जी (वाईट) अशी श्रेणी असते. डी असेल तर ठीक, ई असेल तर भाड्यात वाचलेले पैसे गॅसच्या बिलात जातील.

पण तुमच्या बाबतीत घरापेक्षा घरापासूनची पायी पंधरा मिनिटं महत्त्वाची. विगस्टन म्हणजे एक गाव नाही. जुनं विगस्टन, जिथे बेल स्ट्रीट आहे: दुकानं, दवाखाना, लायब्ररी, शहराची बस, सगळं चालत. दुसरं साउथ विगस्टन, ब्लेबी रोडवर स्वतःचा छोटा बाजार असलेलं, भाडं थोडं कमी. आणि तिसरं म्हणजे कडेकडेच्या नव्या वसाहती. तिथली घरं उबदार, स्वच्छ, फोटोत सर्वात सुंदर. पण दूध संपलं तरी गाडी काढावी लागते, बस क्वचित, आणि बऱ्याच नव्या वसाहतींत घर घेणाऱ्याला दरवर्षी देखभालीचे वेगळे पैसे भरावे लागतात. गाडी न चालवणाऱ्या बाईने लहान मुलीला घेऊन तिथे राहायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा आठ वाजता गाडी घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत तुम्ही त्या सुंदर घरात अडकलात. सकाळी अकरा वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि डिसेंबरात चारच्या आधी अंधार पडतो. हॅरोत खाली उतरलं की माणसं दिसायची, इथे ती शोधायला जावं लागतं.

शोधली की मात्र सापडतात. चर्चच्या हॉलमध्ये टॉडलर ग्रुप असतात, दोन-तीन पौंडांत मुलांना खेळ आणि आयांना चहा-बिस्किट. धर्माचं कुणी काही काढत नाही. लायब्ररीतही लहान मुलांची गाणी-गोष्टी असतात. तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला नर्सरीचे आठवड्याला पंधरा तास मोफत मिळतात, वर्षातले ३८ आठवडे, ते नक्की घ्या. आणि शाळेचं विसरू नका: चार वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शन, म्हणजे शाळेचा पहिला वर्ग, सुरू होतं, अर्जाची शेवटची तारीख त्या वर्षाची १५ जानेवारी. जागा कमी असल्या की बहुतेक शाळांत घराचं अंतर बघतात, म्हणून पत्ता आधी पक्का हवा. अर्ज लेस्टर शहराकडे नव्हे, लेस्टरशर काउंटीकडे करायचा. कचऱ्याचे डबे तिसऱ्याच कार्यालयाच्या, ओडबी अँड विगस्टन बरो या स्थानिक नगरपालिकेच्या अखत्यारीत. या सरहद्दी डोक्यात बसायला वेळ लागतो, आणि फोनवरचा माणूस नेहमी दुसरीकडे बोट दाखवतो.

डॉक्टरचं सगळ्या इंग्लंडसारखंच, सकाळी आठला फोन लावून रांगेत थांबायचं. घसा, कान, लघवीचा संसर्ग अशा ठरावीक तक्रारींसाठी आधी केमिस्टकडे जा. २०२४ पासून तो थेट औषध देऊ शकतो, हे लोकांना अजून माहीत नसतं. दातांच्या सरकारी डॉक्टरच्या यादीत नाव लागणं महाकठीण, त्यामुळे हॅरोतला सोडण्याआधी जे काय करून घ्यायचं ते करून घ्या.

किराण्याची चिंता नको. शहराच्या पलीकडे उत्तरेला बेलग्रेव्ह रोड आहे, कढीपत्त्यापासून हापूसच्या पेटीपर्यंत सगळं मिळतं. फक्त शहरात बस बदलावी लागते, म्हणून लोक महिन्याचा बाजार एकदम भरतात. या रस्त्याची गोष्ट मजेशीर आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे जागा नाही, इथे येऊ नका. लोक आलेच, आणि आज दिवाळीला त्याच रस्त्यावर दिवे लावून नगरपालिका मिरवते. दुकानात गुजरातीच चालते, आपण हिंदीत रेटायचं. मराठी घरं विखुरलेली आहेत, बरीचशी हॉस्पिटल आणि आयटीतली. गणपतीला कुठलासा हॉल भाड्याने घेतला की सगळी एकदम दिसतात आणि मग वर्षभर व्हॉट्सअॅपवर असतात.

शेजाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. आमच्या रस्त्यावर निम्मे निवृत्त गोरे, बाकी शहरातून बाहेर सरकलेली गुजराती-पंजाबी कुटुंबं. शेजारचे आजोबा आमचं पार्सल घेऊन ठेवतात, मंगळवारी आमचा कचऱ्याचा डबा विसरला तर ओढून बाहेर ठेवतात, आणि आजवर त्यांच्या घरात मी पाऊल ठेवलेलं नाही. असंच असतं इथे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. २०२५ च्या उन्हाळ्यात, स्थलांतरितांवरून वातावरण तापलेलं असताना, इंग्लंडभर खांबांवर राष्ट्रीय झेंडे लागले, तेव्हा मला अस्वस्थ वाटलं होतं हे खरं. कधीतरी चालत्या गाडीतून एखादं पोरगं काहीतरी ओरडून जातं. हे लंडनमध्येही होत होतं, तिथे गर्दीत कमी ऐकू यायचं एवढंच.

बसचं तिकीट एकेरी तीन पौंडांच्या वर जात नाही, शहरात जायला वीस-पंचवीस मिनिटं. रात्री आणि रविवारी फेऱ्या कमी, नाताळच्या दिवशी जवळजवळ नाहीच. रविवारी मोठी दुकानंही सहाच तास उघडी असतात. आणि एका जाहिरातीला भुलू नका: ‘स्टेशन पाच मिनिटांवर’. साउथ विगस्टनचं स्टेशन लेस्टर-बर्मिंगहॅम मार्गावर आहे, गाड्या मोजक्या, लंडनची एकही नाही. लंडनला जायचं तर लेस्टरच्या मुख्य स्टेशनवर जावं लागतं. तिथून सेंट पँक्रस तासाभराच्या थोडं वर, पण तिकीट आगाऊ काढलं नाही तर डोळे पांढरे होतात.

तुम्ही प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सचा अर्ज आजच ऑनलाइन टाका. प्रॅक्टिकल टेस्टची तारीख मिळायला महिनोन् महिने लागतात, तोवर इथे येणं होऊन जाईल. घर बघायला शक्यतो रविवारी संध्याकाळी आणि बसनेच या. थांब्यावर किती वेळ उभं राहावं लागलं त्यावरून घर घ्यायचं की नाही ते ठरवा. दोन-तीन पत्ते हाताशी आले की फक्त रस्त्याची नावं कळवा, घर क्रमांक नको. कुठून काय चालत जमतं ते मी सांगते.