चित्र नको, यादी आण

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. ‘सर, आता एआय सांगितलं की चित्र काढून देतं, मग जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधली माझी चार वर्षं वाया गेली का?’ खोटा दिलासा मी देणार नाही, म्हणून आधी दुसरंच सांगतो.

विशीत मी लालबागच्या एका कारखान्यात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचो. फोटोवर चौकटी आखायच्या आणि त्याच मापाने मोठ्या करून कापडावर उतरवायच्या. नायिकेचा एक डोळा माझ्या दोन्ही हातांत मावायचा नाही. मग फ्लेक्स आला. आमच्यातला एक जण रिक्षा चालवायला लागला. त्याच्यासारखी कातडी रंगवणारा मला पुन्हा भेटला नाही. ‘कला कधी मरत नाही’ असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं, की मला तो आठवतो. इलस्ट्रेशनची लहानसहान कामं जाणार. पोटासाठी दुसरं काहीतरी आत्तापासून बघ. लाजू नकोस, चित्रकार हुसेनही सुरुवातीला होर्डिंग्जच रंगवत होते.

आता तू एआयकडून काढून घेतलेली बारा चित्रं. त्या यंत्राला तू ‘ससून डॉकवरची पहाट’, म्हणजे मुंबईच्या मासळी बंदरावरची पहाट, सांगितलंस. त्याने दिलं काय? सोनेरी धुकं, आणि नथ घालून लग्नाला निघाल्यासारखी कोळीण. सुबक आहे, पण ससून डॉकला पहाटे सोनेरी काय असतं गं? दिव्यांचा पांढरा उजेड, बर्फाचा चुरा, पायाखाली चिकचिक, आणि वास, तो तर चित्रात येतच नाही.

ही यंत्रं वर्णनाच्या ओळींसकट कोट्यवधी चित्रं पाहून शिकलेली असतात. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तसल्या ठिपक्यांपासून सुरुवात करून पायरीपायरीने ती गचडी निवळत नेतात. त्यातून उभी राहते ती आजवर सगळ्यांनी मिळून काढलेली कोळीण, म्हणजे कॅलेंडरातली. यंत्राला तरी काय बोल लावायचा? रविवर्म्यांचा चित्रं छापायचा छापखाना १८९४ साली याच मुंबईत सुरू झाला. नटवलेल्या बायका घरोघरी भिंतीवर टांगायची सवय आपली जुनीच आहे.

२०१८मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ‘एडमंड द बेलामी’ हे यंत्राने घडवलेलं व्यक्तिचित्र विकलं गेलं. अंदाज होता सात ते दहा हजार डॉलरचा, विकलं गेलं ४,३२,५०० ला. चित्र मला धुरकट वाटलं. पण कोपऱ्यात सहीच्या जागी गणिताचं सूत्र होतं, तेवढं आवडलं. हे कसं बनलं ते तिथेच लिहिलेलं. तूही लपवू नकोस. प्रदर्शनात लावशील तेव्हा चित्राखालच्या पट्टीवर ‘कॅनव्हासवर तैलरंग’ लिहितात तसं यंत्राचं नावही लिही.

आणि एक काम कर. पहाटे पाचला ससून डॉकला जा. मोबाइल पिशवीत राहू दे. कोळंबी सोलणाऱ्या बायकांना विचारून कडेला बस, तासभर त्यांचे हात बघ. बोटांना काय गुंडाळलंय, बोलता बोलता हात थांबतात का, सालं कुठे पडतात. घरी येऊन तुझी ती बारा चित्रं समोर ठेव आणि काय काय चुकलंय ते वहीत लिही. चार वर्षं वाया गेली की नाही, ते मी त्या वहीवरून सांगेन.

रविवारी साडेअकराला जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर, फुटपाथवर पोर्ट्रेट काढणाऱ्यांपाशी असेन. चित्र आणू नकोस. यादी आण.

तुझे
सर