शोभेच्या बागेत रानफुलं: पहिल्या वर्षी पाला, दुसऱ्या वर्षी गवत असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: हिरवळीतला साधारण २० चौरस मीटरचा तुकडा खणला, शेणखत मिसळलं, ‘रानफुलांचं मिश्रण’ म्हणून मिळालेलं १०० ग्रॅम बी फोकून पेरलं. पहिल्या वर्षी गुडघाभर पाला आणि तुरळक फुलं, दुसऱ्या वर्षी नुसतं गवत. बी खराब होतं का?

बी बहुधा ठीकच होतं. वाफा डेलियासाठी तयार केला आणि पेरलं रानफूल, गडबड तिथे आहे. उघड्या माळावरची आणि कुरणातली बहुतेक रानफुलं भुकेल्या जमिनीत टिकतात, कारण तिथे गवताला जोर नसतो. खत घातलं की त्याचा पहिला फायदा गवत आणि मोठ्या पानांची तणं उचलतात. रानफुलंही माजतात, पण पाल्यात. दांडे लांब आणि लुसलुशीत होतात आणि वाऱ्यापावसात आडवे पडतात. नत्राचं (नायट्रोजनचं) फारसं वाईट वाटून घेऊ नका, ते पाण्याबरोबर निचरून जातं. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना धरून वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि जुन्या बागांत तो साठलेला असतो. माती तपासून घेणार असाल तर स्फुरदाचा आकडा आधी बघा.

माती हलकी करायचे तीन उपाय. वरचा ५ ते १० सेंमी थर खरवडून काढा आणि भाजीच्या वाफ्यात टाका. सगळ्यात लवकर फरक याने पडतो. दुसरा, मोहरीसारखं भराभर वाढणारं पीक घेऊन ते मुळासकट उपटून बाहेर न्या. हे मातीत गाडायचं नाही, नाहीतर काढलेलं सगळं परत आत जातं. हा उपाय स्वस्त असला तरी संथ आहे, एका हंगामात चमत्कार होत नाही. तिसरा उपाय छोट्या शोभेच्या वाफ्यासाठी मला सर्वांत पसंत: मातीवर ७ ते ८ सेंमी जाड, धुतलेल्या भरड वाळूचा थर द्या (समुद्राची खारी वाळू नको) आणि पेरणी त्या वाळूतच करा. खालच्या मातीतलं तणाचं बी एवढ्या जाड थरातून सहसा वर येत नाही; रानफुलांची मुळं मात्र वाळूतून खाली मातीत पोचतात. अट एकच, रुजवणीच्या काळात वाळू एक दिवसही सुकता कामा नये. ओलाव्याला धार्जिण्या जातींना हा प्रकार मानवत नाही, त्यांची जागा वेगळी ठेवा.

आता तण. खणलं की खोलवर झोपलेलं तणाचं बी उजेडात येतं आणि उगवतं, म्हणून खोल खणणं हीच पहिली चूक. वरची ३ ते ४ सेंमी मातीच भुसभुशीत करा, दंताळ्याने सपाट करा, पाणी द्या आणि काहीही न पेरता थांबा. दोन-तीन आठवड्यांत तणाची पहिली फौज उगवेल. कडक उन्हाच्या दिवशी खुरप्याची धार जमिनीलगत फिरवून ती कापा, माती उलटू नका. पुन्हा पाणी, पुन्हा कापणी. असं दोन-तीनदा झालं की वरच्या थरातलं बरंचसं बी संपतं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग वर्षभर खुरपत बसतात.

हरळी आणि लव्हाळा यांना हे पुरत नाही. हरळीचे जमिनीखालचे धावते कोंब हाताने वेचून काढावे लागतात. तुटलेला पेराएवढा तुकडासुद्धा पुन्हा फुटतो. उन्हाळा कडक असेल तर माती भिजवून तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आतल्या उष्णतेने वरच्या थरातलं बरंच बी मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातूनही तगतात. त्याची लागण जास्त असेल तर जागा बदलणं शहाणपणाचं.

दुसऱ्या वर्षी फुलं का गायब झाली, त्याचं कारण मिश्रणात आहे. त्यात दोन स्वभावाची झाडं असतात. रान-पॉपी, कॉर्नफ्लॉवर, कॉसमॉस ही एकवर्षायू; यांना दरवर्षी हललेली, उघडी माती लागते. शेत नांगरलं जातं म्हणून ती शेतात टिकतात. रान-पॉपीचं बी मातीत कित्येक दशकं जिवंत पडून राहतं, पण वर गवताची चटई असेल तर उगवत नाही. बहुवर्षायू झाडांचं उलट: पहिलं वर्ष ती मुळं वाढवण्यात घालवतात, जमिनीलगत पानांचा झुबका दिसतो आणि फुलं पुढच्या वर्षी येतात. दोन्ही एकाच जागी ठेवली तर एकाची सोय दुसऱ्याच्या मुळावर येते. तुमच्या २० चौरस मीटरचे दोन भाग करा. अर्धा भाग एकवर्षायूंसाठी, दरवर्षी बी झडल्यावर सुकलेली झाडं काढून वरवर उकरायचा. अर्धा बहुवर्षायूंसाठी, तो पुन्हा हलवायचा नाही.

पाकिटावर प्रत्येक जातीचं शास्त्रीय नाव लिहिलेलं नसेल तर ते घेऊ नका. ‘रानफुलं’ या नावाखाली दुसऱ्याच खंडातल्या जाती सर्रास विकल्या जातात आणि काही बागेबाहेर पसरून त्रास देतात. घाणेरी एके काळी शोभेची म्हणूनच जगभर नेली गेली, आज ती कुठे कुठे माजली आहे ते सांगायला नको. रानातून झाडं उपटून आणणं तर नकोच. जमिनीवरच्या ऑर्किडांची मुळं ठरावीक बुरशीच्या साथीने जगतात, ती बागेत आणून सहसा मरतात. बी गोळा करायला परवानगी असेल तर दहातलं एक बोंड घ्या, नऊ तिथेच राहू द्या.

पेरणीचं प्रमाण: गवत नसलेल्या शुद्ध फुलांच्या बियांना चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम पुरे. तुम्ही ५ ग्रॅम टाकलंत. दाट रोपं एकमेकांना उपाशी ठेवतात. वजनावरून मिश्रण जोखताना फसगतही होते. पॉपीच्या एका ग्रॅममध्ये हजारो दाणे असतात, कॉर्नफ्लॉवरच्या ग्रॅममध्ये दोन-अडीचशेच्या आसपास. वजनाने निम्मं-निम्मं घेतलं तर वाफा पॉपीचाच होणार. बारीक बी चिमटीने, जाड बी मुठीने, हा हिशोब लक्षात ठेवा.

बियाच्या पाच ते दहा पट कोरडी वाळू मिसळा. पांढरट वाळू असेल तर कुठे पडलं, कुठे राहिलं ते दिसतं. अर्धं मिश्रण उभं फोका, अर्धं आडवं. वर माती ओढू नका. पॉपीसारखं धुळीएवढं बी उजेडातच रुजतं. फळी ठेवून तिच्यावर चाला म्हणजे बी मातीला चिकटेल. वेळ तुमच्या हवामानावर ठरवा: पावसावर बाग चालते तिथे पावसाच्या तोंडावर, पण धो-धो सरींच्या आधी नाही, कडाक्याची थंडी पडते तिथे शरदात. थंड प्रदेशातल्या अनेक जातींना रुजण्याआधी ओली थंडी लागते. ती नैसर्गिक मिळत नसेल तर ओलसर वाळूत मिसळून महिना-दोन महिने फ्रिजमध्ये ठेवतात. शेंगावर्गीय बियांचं कवच टणक असतं, त्यांना सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवा. झारीचं तोंड बारीक हवं, पाण्याच्या धारेने सगळं बी एका कोपऱ्यात जमतं.

एक युक्ती फार उपयोगी. मिश्रणातल्या प्रत्येक जातीचे दहा-बारा दाणे नाव लिहून ट्रेमध्ये वेगळे पेरा. वाफ्यात रोपं दिसू लागली की ट्रेशी ताडून बघा. जे ट्रेमध्ये नाही ते तण. नवख्याच्या हातून खुरपणीत जेवढी रानफुलं मरतात तेवढी गोगलगायींनीही मरत नसतील. मग विरळणी करा, एकवर्षायूंमध्ये तळहाताएवढं अंतर ठेवा. बहुवर्षायूंची रोपं ट्रेमध्येच वाढवून लावलेली बरी, चौरस मीटरला सहा ते नऊ, एका जातीची तीन-पाच एकत्र. सोटमूळवाली (पॉपी, ल्युपिन) हलवलेली सोसत नाहीत, ती थेट जागेवर पेरा.

बाग शोभेची आहे, तेव्हा दिसण्याचंही बोलायला हवं. अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्ट जोन नॅसॉअर यांनी १९९५ साली मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो: रानटी लागवडीला नीटस चौकट दिली की बघणाऱ्याला तिची निगा राखलेली कळते. वाफ्याभोवती ४५ ते ६० सेंमीचा पट्टा कायम कापलेल्या हिरवळीचा ठेवा, कड धारदार ठेवा, पुढच्या बाजूला गुडघ्याखालच्या उंचीच्या जाती लावा. एवढ्यानेच ‘इथे माळ्याने काम सोडलं का?’ हा प्रश्न थांबतो.

बहुवर्षायू भाग पहिल्या वर्षी तणं वर आली की ७ ते १० सेंमीवर कापत राहा. पुढच्या वर्षांत बी पिकून झडू लागल्यावर एकदाच. कापलेलं तीन-चार दिवस जागेवर वाळू द्या म्हणजे उरलंसुरलं बी गळेल, मग सगळं उचलून कंपोस्टला न्या. तिथेच कुजू दिलं तर ते खतच झालं.

पुढच्या पेरणीसाठी बी पूर्ण वाळवून, कागदी पुडीत, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. ढोबळ नियम असा की तापमान ५ अंशांनी किंवा बियातली ओल एका टक्क्याने उतरली की आयुष्य दुप्पट होतं. पेरायच्या आधी वीस दाणे ओल्या कागदात गुंडाळून बघा. दहाच रुजले तर प्रमाण दुप्पट घ्या.