अमेरिकेत फुटबॉलच्या स्टेडियममध्ये कॉलेजचे आइस हॉकीचे सामने कसे भरवतात? गवतावर बर्फ टिकतो कसा?

तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात तीन गोष्टी येतात: उघड्या मैदानावर बर्फ तयार कसा करतात, पुरेशी थंडी नसेल तर काय होतं, आणि नंतर मैदानाची वाट लागते का. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल आणि हॉकी म्हणजे बर्फावरची.)

आधी थंडीबद्दलचा गैरसमज दूर करतो. हा बर्फ हवामानाच्या भरवशावर बनत नाही, तो यंत्रच बनवतं. ज्या सामन्यापासून या प्रकाराची लाट आली तो ६ ऑक्टोबर २००१ ला ईस्ट लान्सिंगच्या स्पार्टन स्टेडियममध्ये झाला. मिशिगन स्टेट विरुद्ध मिशिगन, ३-३ बरोबरी, प्रेक्षक ७४,५५४. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिशिगनमध्ये डबक्यातलं पाणीसुद्धा गोठत नाही, तरी सामना व्यवस्थित झाला. पुढे ११ डिसेंबर २०१० ला याच दोन विद्यापीठांचा सामना अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये झाला आणि मिशिगनने तो ५-० जिंकला. तिथे जाहीर झालेली गर्दी १,१३,४११ होती, गिनेसने विक्रमासाठी १,०४,१७३ धरली. मधल्या काळात विस्कॉन्सिनने २००६ मध्ये ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर आणि २०१० मध्ये स्वतःच्या कॅम्प रँडलवर असे सामने खेळून घेतले.

जागेचा प्रश्न येत नाही. रिंक, म्हणजे हॉकीचं बर्फाचं मैदान, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतो, फुटबॉलचं मैदान दोन्ही टोकांच्या एंड झोन धरून ३६० बाय १६०. रिंक मधोमध ठेवला की तो साधारण एका बाजूच्या १७ यार्ड रेषेपासून दुसऱ्या बाजूच्या १७ यार्ड रेषेपर्यंत येतो आणि दोन्ही अंगांना ३७-३८ फूट मोकळे राहतात. घोडं अडतं ते पातळीवर. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार देतात, तसाच उतार फुटबॉलच्या मैदानालाही असतो: मध्य उंच, कडा खाली. जुन्या गवताच्या मैदानांत हा फरक फूटभरही असू शकतो, कृत्रिम टर्फवर कमी असतो. पाणी मात्र सपाटच गोठणार. म्हणजे खालचा पाया समतल केला नाही, तर मध्यावर दोन इंच आणि कडेला आठ-दहा इंच बर्फ होईल. जाड बर्फातून उष्णता खाली ओढली जायला वेळ लागतो, त्यामुळे कडेचा पृष्ठभाग मऊ राहतो आणि मधला दगडासारखा होतो. खेळाडूला एकाच धावेत दोन वेगळे बर्फ लागतात आणि तिथेच गुडघे दुखावतात. माझं स्पष्ट मत आहे की वेळापत्रकातला सगळ्यात निवांत वेळ या पायाला द्यावा. पुढची कुठलीही चूक दुरुस्त होते, ही होत नाही.

पाया असा रचतात. आधी गवतावर जाड जिओटेक्स्टाइल कापड. त्यावर ट्रक आणि फोर्कलिफ्ट चालतील अशा प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या जोडफळ्या, म्हणजे वजन एका चाकाखाली न येता पसरतं. त्यावर समायोज्य पायांचा लाकडी किंवा धातूचा मंच, आणि लेझर लेव्हल लावून पाचरी मारत मारत संपूर्ण १७,००० चौरस फूट एका पातळीत आणायचे. मग फोमचे इन्शुलेशनचे पत्रे, नाहीतर जमिनीची ऊब खालून चढत राहते. लॅम्बोसारख्या मैदानाखाली हिवाळ्यासाठी हीटिंगचे पाइप असतात, ते त्या भागात बंद ठेवायला हवेत. वर पाण्याचा थेंब खाली जाऊ नये म्हणून अखंड प्लास्टिकची चादर.

तिच्यावर येतात थंडावा देणाऱ्या नळ्यांच्या मॅट किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे. व्यावसायिक लीग एनएचएलच्या फिरत्या संचात ३० फूट लांब आणि ३० इंच रुंद असे २४३ ट्रे असतात. बाहेर उभ्या ५३ फुटी ट्रेलरमधली यंत्रणा एसीच्या भाषेत ३०० टनांची आहे. बंदिस्त रिंकचं काम सहसा याच्या निम्म्याहून कमीत भागतं. ट्रेमधून ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) मिसळलेलं पाणी फिरतं. चिलरमधून, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्रातून, ते उणे ९-१० अंश सेल्सिअसला निघतं आणि पृष्ठभाग उणे ५ ते उणे ५.५ च्या आसपास ठेवतं. ट्रे जोडून झाले की पाणी घालण्याआधी ग्लायकॉल पूर्ण दाबाने फिरवून प्रत्येक सांधा हाताने चाचपायचा, अगदी रात्र गेली तरी. बर्फाखाली गळती झाली तर ग्लायकॉल मिसळलेलं पाणी गोठत नाही, तिथे मऊ डाग पडतो आणि मग वरचा बर्फ फोडण्याशिवाय इलाज नसतो.

पाणी एकदम ओततात असं अनेकांना वाटतं. एकदम ओतलं तर वरून साय धरते, आत पाणी आणि हवा अडकते आणि पहिल्याच वळणाला पापुद्रे सुटतात. म्हणून लांब दांड्याच्या फवाऱ्याने धुक्यासारखं पाणी मारायचं. एका फेरीत जेमतेम मिलिमीटरभर थर चढतो, तो कडक झाला की पुढची फेरी. पाव-अर्धा इंच जमला की पांढरा रंग फवारतात, रेषा आणि वर्तुळं काढतात, आणि त्यावर पुन्हा पारदर्शक थर. बंदिस्त रिंकवर एकूण एक-सव्वा इंच बर्फ पुरतो, उघड्यावर दोन इंच लागतो, कारण वरचा थर वितळला, खरवडला गेला तरी खाली शिल्लक हवी. दोन इंचांना सुमारे ७५-८० हजार लिटर पाणी जातं. हे सगळं दोन-तीन दिवस-रात्रींचं अखंड काम आहे. रात्री पाळी चुकवली तर ती भरून काढता येत नाही, कारण दिवसा ऊन असताना थर चढवणं जवळजवळ थांबवावं लागतं.

ऊन हाच खरा शत्रू. हवा उणे असली तरी स्वच्छ आकाशातून उन्हाचे प्रत्येक चौरस मीटरवर काही शे वॅट पडतात. ५०० वॅट धरले तर पूर्ण रिंकवर सुमारे ८०० किलोवॅट. पांढरा रंग बरंचसं परतवतो, पण निळ्या-लाल रेषा आणि मधलं मोठं बोधचिन्ह ते शोषून घेतात. बर्फ सगळ्यात आधी तिथेच मऊ होतो, रेषेच्या कडेने खाच पडते आणि पक (खेळातली रबरी चकती) उसळतो. म्हणून बोधचिन्हं फिक्या रंगात आणि लहान काढावीत, प्रायोजक कितीही अडून बसले तरी. सामना नसेल तेव्हा पूर्ण रिंकवर चकाकत्या इन्शुलेटेड चादरी अंथरतात. २० फेब्रुवारी २०२१ ला लेक टाहोच्या काठी एनएचएलच्या सामन्यात पहिल्या सत्रानंतर उन्हामुळेच खेळ आठेक तास थांबवावा लागला. हवा त्या दिवशी गार होती. तेव्हा सामना संध्याकाळी दिव्यांखाली ठेवावा. टीव्हीला दुपार हवी असेल तर ढगाळ दिवसासाठी देव पाण्यात ठेवावे लागतात.

पाऊस पडला तर बर्फावर पाणी साचतं आणि ते खडबडीत गोठतं. त्यावर खेळवू नये, वेळ बदलावी. पिट्सबर्गच्या हाइन्झ फील्डवर १ जानेवारी २०११ चा सामना पावसाच्या अंदाजामुळे दुपारवरून रात्रीवर नेला होता. बर्फवृष्टी झाली तर ताजा हिम पांघरुणासारखा उष्णता अडवतो आणि पक रुततो, म्हणून दर विश्रांतीत फावडी घेतलेली माणसं लागतातच. याच्या उलट टोक म्हणजे कडाक्याची थंडी. एडमंटनला २२ नोव्हेंबर २००३ च्या सामन्यात उणे १८ च्या आसपास होतं, मिनियापोलिसला १ जानेवारी २०२२ ला जवळपास उणे २१. इतक्या थंडीत बर्फ ठिसूळ होतो, स्केटच्या पात्याखाली चकत्या उडतात. तेव्हा चिलर बंद करून उलट कोमट ग्लायकॉल फिरवतात आणि पृष्ठभाग उणे ५-६ वर आणतात. वारा कुणाच्या हातात नसतो. म्हणून तिसऱ्या सत्राच्या मध्यावर, १० मिनिटं झाली की संघांनी बाजू बदलायच्या, म्हणजे वारा आणि तिरपं ऊन दोघांच्या वाट्याला सारखं येतं.

सामन्यादरम्यान खड्डा पडला की ओला हिम थापून वर कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक मारतात, अर्ध्या मिनिटात तो दगड होतो. गोलच्या खुंट्यांसाठी भोकं पाडताना ड्रिलवर खोलीची खूण चिकटवलेली हवीच, खाली ट्रे आहेत. बर्फ खरवडून वर पाणी पसरवणाऱ्या झँबोनी गाड्या दोन ठेवाव्यात. त्यांचं कोमट पाणी नेहमीपेक्षा कमी सोडावं, आणि खरवडलेला हिम टाकायची जागा आधीच ठरवावी, नाहीतर तो बोगद्याच्या तोंडाशी साचून रुग्णवाहिकेची वाट अडते.

बर्फाइतकंच स्टेडियमही आडवं येतं. उत्तरेकडच्या अनेक फुटबॉल स्टेडियममध्ये नोव्हेंबरनंतर नळ आणि स्वच्छतागृहांतलं पाणी काढून टाकतात, नाहीतर पाइप फुटतात. जानेवारीत ७० हजार माणसं बोलवायची तर ते पुन्हा चालू करून त्या खोल्या उबदार ठेवाव्या लागतात. अंदाजपत्रकात हा खर्च नेहमी उशिरा आठवतो. ड्रेसिंग रूमपासून रिंकपर्यंतची लांब वाट पूर्ण रबराच्या मॅटने झाकायची, कारण उघड्या काँक्रीटवर चार पावलं टाकली तरी स्केटची धार जाते. खालच्या रांगा तर विकूच नयेत. रिंकभोवती साडेतीन फुटी बोर्डची भिंत, त्यावर काच, आणि ६०-७० फुटांचं अंतर. तिथून पक दिसत नाही. तुम्ही स्वतः तिकीट काढणार असाल तर ३० व्या रांगेच्या वर, मधल्या रेषेजवळ घ्या.

राहिलं मैदान. कृत्रिम टर्फला फारसं काही होत नाही, तंतू दबतात आणि ब्रश मारला की उठतात. खरं गवत डिसेंबर-जानेवारीत सुप्तावस्थेत असतं, म्हणून दोन आठवडे अंधारात राहिलं तरी बहुधा जगतं. ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चअखेरीस तोच काळ त्याला मारून टाकू शकतो. खरं नुकसान सामन्यानंतरच्या घाईत होतं. ७० टनांवर बर्फ जागेवर वितळू दिला, तर रंगाचं पाणी मातीत जिरतं आणि चाकं रुततात. म्हणून ट्रेमधून गरम ग्लायकॉल फिरवून बर्फ तळापासून सुटा करायचा, लोडरने तुकडे करून बाहेर न्यायचा, ग्लायकॉल टँकरमध्ये परत ओढून घ्यायचं, आणि ट्रे, मंच, फळ्या असं सगळं उलट्या क्रमाने उचलायचं. फळ्यांचा रस्ता सगळ्यात शेवटी काढायचा, शेवटचा ट्रक बाहेर पडल्यावरच.