चादरीची खोडी आणि फोनवरचं ‘हो, नाही’

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. मुलगा तेरा वर्षांचा, सप्टेंबरपासून बोर्डिंगला. त्या लिहितात, “ताई, हाउसमास्टरांची, म्हणजे त्याच्या वसतिगृहाच्या प्रमुखांची, ईमेल वाचून मान खाली गेली. यानं हाउस कॅप्टनच्या, म्हणजे वसतिगृहातल्या मुलांच्या म्होरक्याच्या, पलंगावरची चादर अशी दुमडली की त्याचे पाय आत जाईचनात. लाइट्स आउटनंतर सगळी डॉर्म खिदळत होती म्हणे. दोन शनिवार डिटेन्शन झालं. आमच्या घराण्यात असलं कुणी केलं नाही. आम्ही दोघांनी फोनवर चांगलंच झापलं. आता तो ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोलतो.”

अहो, या खोडीला इंग्रजीत नावसुद्धा आहे, ॲपल-पाय बेड. वरची चादर काढून घ्यायची आणि खालचीच मध्यावर दुमडून वर आणायची. पलंग नीट घातलेला दिसतो, झोपणाऱ्याचे पाय मात्र अर्ध्यावर अडकतात. नॉरफकच्या एका पाद्र्याची झोप १७८१ साली अशीच मोडली होती, त्याच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. तुमच्या लेकानं घराण्याला बट्टा लावलेला नाही. शिक्षा झाली, त्यानं भोगली, शाळेपुरतं ते संपलं.

मला काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या वाक्याची.

माझा थोरला बोर्डिंगला होता तेव्हा त्यानं साखरेच्या भांड्यात मीठ भरलं होतं. शाळेतून फोन आला आणि मी त्याला रडेपर्यंत बोलले. फी, कष्ट, आजी-आजोबांची अब्रू, सगळं काढलं. पुढची दोन वर्षं फोनवर “सगळं ठीक आहे, आई.” त्याच दोन वर्षांत एक मोठा मुलगा त्याचा टक बॉक्स, म्हणजे घरच्या खाऊचा डबा, दर आठवड्याला रिकामा करत होता. चकल्या, लाडू, सगळं. हे मला मेट्रनकडून, म्हणजे वसतिगृहात मुलांची देखभाल करणाऱ्या बाईंकडून, कळलं, त्याच्याकडून नाही. अजून ते आठवलं की घसा दाटून येतो. ज्या आईला मिठाची गंमत सांगता येत नाही, तिला तो खाऊ लुटला जात असल्याचं कसं सांगणार होता?

म्हणून मी हे प्रत्येक पत्रात लिहिते आणि लिहीत राहणार: खोडी आधी पूर्ण ऐका. हसू आलं तर हसा. मग विचारा, “त्या कॅप्टननं नंतर काय केलं? तोही हसला का?” उलट डाव टाकला असेल तर ती मस्ती. एकाच पोराच्या पलंगाशी रोज खेळ चालला असेल आणि तो एकटाच गप्प असेल, तर तो छळ, आणि तिथे आपल्या मुलालाही पाठीशी घालू नका. त्याच्यावरच कधी तशी वेळ आली तर? बोर्डिंग शाळेला, मुलांना मन मोकळं करता यावं म्हणून बाहेरची एक व्यक्ती नेमावीच लागते. तिचा नंबर त्याला माहीत आहे का, एवढं विचारून ठेवा.

बाकी, पत्रात तुम्ही फीवरच्या २० टक्के व्हॅटचंही लिहिलंय, तर शाळेचे पैशांचे व्यवहार बघणाऱ्या बर्सरशी हप्त्यांचं बोला. मराठी विसरण्याची भीती असेल तर आजीला पत्र लिहायला लावा.

आता एक्झियाटला, म्हणजे सत्राच्या मधल्या शनिवार-रविवारच्या सुट्टीला, तो घरी येईल. जेवणं झाली की त्याला म्हणा, “ती चादर कशी दुमडलीस रे, बाबांच्या पलंगावर करून दाखव.” आणि बाबांना त्यात झोपायला लावा.