फोमवरून फायबरचा पार्ट करताय? आधी हे बघा

भाऊ, गाडीच्या डॅशबोर्डसाठी फायबरग्लासचा पॉड (मीटर वगैरे बसवायचं घर) करायचाय तर साच्यासाठी कॅनमधला पीयू (पॉलीयुरेथेन) फोम चालेल पण एकदम सगळा कॅन मारून मोकळा होऊ नकोस. तो हवेतल्या ओलाव्याने सेट होतो, त्यामुळे जाड ढीग घातला की वरून कडक आणि आत दोन दिवसांनीही चिकट, मग कापायला गेलास की आतला भाग परत फुगतो आणि शेप गेला. पातळ थर दे, मधे स्प्रेने थोडं पाणी मार. मोठा पार्ट असेल तर सरळ दोन भाग मिक्स करायचा ओतायचा फोम घे, महाग वाटतो पण डोकं शांत राहतं.

डॅशबोर्डला आधी मास्किंग टेप आणि वर फॉइल लाव, हातात ग्लोव्हज हवेतच, हा फोम वाळला की कातडीवरून निघता निघत नाही. शेप हॅकसॉ ब्लेडने आणि ८० नंबर सँडपेपरने काढायचा, गरम तारेने अजिबात नाही, पीयू जळला की विषारी धूर होतो. गरम तार थर्माकोलला ठीक, पण थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन (फायबर घट्ट करणारं द्रव) टाकलं की तो विरघळतो, पीयू टिकतो, म्हणून तर हा खटाटोप.

फोमची भोकं पुट्टीने भर, घास, मग वॅक्स आणि पीव्हीए (पार्ट साच्याला चिकटू नये म्हणून), त्यानंतरच मॅट (रेझिनमध्ये भिजवायची काचतंतूंची चादर). आणि कोबाल्ट (रेझिन लवकर सेट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नको, भडका उडतो! कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळ, हार्डनर शेवटी.